पाणी उपसून फेकणारा देश

डेल्फ्ट, हॉलंड
२६ सप्टेंबर १९८२

तीर्थरूप अप्पांना उमाचे शरणार्थ.

सुखरूप पोचले. तारेत एवढंच मावलं, बाकीचं आता लिहिते. पत्र तुम्ही पारावर वाचून दाखवालच, म्हणून आधीच सांगते की यातलं काहीही फुगवलेलं नाही.

विमान उतरताना शेजारचे गृहस्थ खाली बोट दाखवून म्हणाले, इथे पूर्वी मोठं तळं होतं, त्यात जहाजं बुडायची. मग लोकांनी पाणी उपसून टाकलं आणि तळाशी विमानतळ बांधला. मला वाटलं, साडीतली बाई बघून थापा मारतोय. पण आमच्या भूजलाच्या वर्गात पहिल्याच दिवशी नकाशा लावला आणि माझं तोंड उघडंच राहिलं. समुद्र वर, माणसं खाली आणि मध्ये मातीचा बांध! पावसाचं पाणी आपोआप वाहून जायला वाटच नाही. म्हणून ते यंत्रानं उपसून वरच्या कालव्यात चढवायचं आणि तिथून समुद्रात सोडायचं. हे शेकडो वर्षं चाललंय. पूर्वी पवनचक्क्या उपसायच्या, आता पंप.

परवा आम्हाला एका पंपघरात नेलं. अप्पा, आपल्या गावाला वर्षभर पुरेल एवढं पाणी माझ्यासमोर धो धो करत पलीकडे पडत होतं, आणि तिथला माणूस खुशाल सफरचंद खात उभा होता. मी कठड्याला धरून उभी राहिले. डोळे भरून आले. आमच्या मास्तरांना वाटलं, मला उंचीची भीती वाटते.

मी राहते त्या घराच्या मालकीण योहानाबाई, साठीच्या पुढच्या, एकट्या. स्वभावानं प्रेमळ, पण कॉफीबरोबर बिस्किटाचा डबा उघडतात, एक घ्यायला लावतात आणि झाकण गच्च लावून डबा फळीवर ठेवतात. तुम्ही असता तर डबाच हिसकावला असता. हे कंजूषपण नाही, इथली रीतच तशी आहे, असं सगळे सांगतात. मी अजून दुसऱ्या बिस्किटाची वाट बघते आहे.

सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसले होते, तेव्हा बाई चुकून दार उघडून आत आल्या. मग सगळं समजावून सांगितलं. आमच्यात मूल जन्मलं की त्याला हे मिळतं, जन्मभर गळ्यात असतं, रोज तळहातावर घेऊन पुजायचं, आणि माणूस गेला की त्याला बसवून, तळहातावर हेच ठेवून मातीत देतात. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पूजा संपली तरी तू विचार करत बसलीस की अंगठ्यानं ते घासत असतेस, माहीत आहे का तुला?" मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्या वेळेला बाई खालचा रेडिओ बारीक करतात.

पाऊस कसा आहे? वानेरी व्याली का? तुळजामायला सांगा, तिनं दिलेली शेंगाचटणी इथल्या पावावर लावली की पावाला थोडी अक्कल येते. आणि आईच्या बेलाला माझ्या वतीनं तांब्याभर पाणी घाला.

तुमची
उमा


मु. बेलवाडी, पो. देवणी
जि. लातूर (उस्मानाबाद नव्हे!)
२२ ऑक्टोबर १९८२

चिरंजीव उमास अप्पाचे आशीर्वाद.

तुझं पत्र आधी उस्मानाबादेत फिरून आलं. तू निघायच्या आधीच आपला नवा जिल्हा झाला, तरी पत्त्यावर जुनंच नाव. पोस्टमन निवृत्ती म्हणाला, "अप्पा, पोरगी समुद्रापार गेली पन जिल्हा जुनाच घिऊन गेली." माझी शाळा निजामाची, सगळी उर्दूत. मराठी लिहायला मला वेळ लागतो, पण पत्ता मी बरोबर लिहितो.

पत्र पारावर वाचलं. पाणी फेकून देतात हे कुणाला खरंच वाटेना. ग्यानोबा म्हणाला, "येडी हायत का काय ती मानसं?" हणमंतराव सरपंच आहेत, त्यांनी सरपंचासारखं विचारलं, "उमाला लिवा अप्पा, ते फेकायचंच हाय तर जरा इकडं फेका म्हणावं." सगळे हसले. तुळजाबाई तेवढी हसली नाही. तिनं बराच विचार केला आणि म्हणाली, "मग तिथल्या बाया डोस्क्यावर काय वाहत्यात?" याचं उत्तर कळव, ती वाट बघते आहे.

पाऊस यंदा रुसला. मूग, उडीद गेले. आडाला पाणी आहे, हंडा बुडतो, तू काळजी करू नको. लातूरला नवे कलेक्टर बसले आहेत. लोक म्हणतात, जिल्हा आला तसं पाणीही येईल. जमिनीत वीज सोडून पाणी बघणारे एक साहेब जीप घेऊन येणार आहेत. म्हणजे तुझ्याच विद्येचा माणूस.

वानेरी व्याली. कालवड आहे. अंग पांढरं, तोंड काळं, आईवर गेली आहे. देवणी गाईची अशी कालवड बघायला लोक वाकडी वाट करून येतात.

बेलाला पाणी घातलं. खरं तर त्याला गरज नाही. सगळं रान पिवळं पडलं तरी तो हिरवागार आहे. लोक म्हणतात तुझ्या आईचं पुण्य, मी पण तसंच म्हणतो.

दुसरं बिस्किट मिळालं का?

तुझा
अप्पा


डेल्फ्ट
१४ नोव्हेंबर १९८२

तीर्थरूप अप्पांना उमाचे शरणार्थ.

तुळजामायला सांगा, इथल्या बाया डोक्यावर काहीच वाहत नाहीत, सगळं सायकलीवर. पोरं, बटाटे, फुलं, एकदा तर एक बाई आख्खी खुर्ची घेऊन चालली होती. मीही साडी खोचून शिकले. दोनदा कालव्याच्या काठावर पडले, आत पडले नाही हे नशीब.

इथे पाण्याची एक पंचायत असते. राजे नव्हते तेव्हापासूनची, राजांपेक्षा जुनी. जमीनवाला, बिनजमीनवाला, सगळे तिला पट्टी देतात आणि तिचे पंच निवडतात. पाणी किती उंच ठेवायचं, कुणाचा बांध कुणी दुरुस्त करायचा, सगळं ती ठरवते. पूर्वी लढाया चालू असतानाही दोन्हीकडची माणसं बांधावर एकत्र काम करायची म्हणे. आमचे मास्तर हे सांगत होते आणि मी लिहायचं थांबून नुसती ऐकत होते. आपल्याकडे पाणी नाही म्हणून भांडण, इथे पाणी फार म्हणून एकोपा!

पण एक गोष्ट ऐकून मी हबकले आहे, ती तुम्हालाच सांगते. योहानाबाईंचे यजमान पीट पंपघरात कामाला होते. ते वारले, त्यांना इथल्या कबरस्तानात पुरलं. इथेही आपल्यासारखंच मातीत देतात म्हणून मला आधी किती जवळचं वाटलं होतं! काल कळलं की इथे मेलेल्या माणसाला जागा मुदतीनं मिळते. मुदत संपली आणि घरच्यांनी वाढवली नाही की अवशेष काढून एकत्र खोल पुरतात आणि जागा दुसऱ्याला. पीट यांची मुदत येत्या फेब्रुवारीत संपते. बाई हे सांगताना बटाटे सोलत होत्या.

अप्पा, रात्रभर जीव थाऱ्यावर नव्हता. एवढी श्रीमंत माणसं, समुद्र मागे सारणारी, आणि आपल्या माणसाला तेवढी जागा देऊ नये? मग मला आपला मळा आठवला. मी झाले आणि महिन्याच्या आत आई गेली. तिचा फोटो नाही, लुगडं नाही. मला आई म्हणून जे काही आहे ते म्हणजे तो दगडी ओटा आणि वरचा बेल. त्याच ओट्यावर बसून मी सगळ्या परीक्षांचा अभ्यास केला. पहिल्यांदाच वाटलं की मी या लोकांपेक्षा श्रीमंत आहे. माझी आई कायमची आहे, तिला कुणी उठवणार नाही.

मन मोकळं झालं. वानेरीच्या कालवडीला माझ्याकडून गूळ चारा.

तुमची
उमा


बेलवाडी
२० डिसेंबर १९८२

चिरंजीव उमास आशीर्वाद.

पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक आहे. यंत्रवाले साहेब येऊन गेले, जागा दाखवून गेले. बघू.

एक विचारतो. मुदत संपल्यावर ते अवशेष उचलतं कोण? घरचा माणूस असतो का परका? त्या वेळी देवाचं काही म्हणतात का? आणि नंतर घरच्यांचं मन खात नाही का? सहज विचारतो आहे. माझं वय झालं, आता असलं काही डोक्यात येतं.

थंडीत कान बांधून फिर. तुळजाबाई विचारत असते.

तुझा
अप्पा


डेल्फ्ट
२० फेब्रुवारी १९८३

तीर्थरूप अप्पांना उमाचे शरणार्थ.

तुमचं डिसेंबरचं पत्र वाटेत अडकून गेल्या आठवड्यात मिळालं आणि मी ते इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. तुम्ही कधी असं लिहीत नाही. पारावरचं कुणी काय बोललं नाही, वानेरीचं नाव नाही, बिस्किटाचा टोमणा नाही, फक्त मरणाचे प्रश्न. अप्पा, तुम्हाला काय होतंय? छातीत दुखतंय का? भावकीतल्या बसवंतदादाला सांगून उदगीरला दाखवून या. लपवलंत तर मी शिक्षण अर्धं टाकून येईन, ही धमकीच समजा.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर मला तोंडी माहीत नव्हतं. ते काल डोळ्यांनी बघितलं.

योहानाबाई म्हणाल्या, "उद्या पीटला भेटायला चल, शेवटचं." मी मन घट्ट करून गेले. त्यांनी थर्मासमध्ये कॉफी घेतली होती आणि एक खुरपं. जागा मोकळी करण्याचं काम कबरस्तानची माणसं नंतर करतात, घरच्यांना तिथे थांबावं लागत नाही. बाई फक्त वरचं रोप न्यायला आल्या होत्या. थंडीनं माती कडक झाली होती. आम्ही दोघींनी मिळून रोप मुळांसकट काढलं. खाली हातभर गेलो तर खड्ड्यात पाणी झिरपायला लागलं. तो माणूस जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनीतलं पाणी उपसत राहिला आणि पाणी त्याच्या उशाशीच होतं.

मी न राहवून विचारलं, "तुम्हाला वाईट नाही वाटत?" बाई मातीत गुडघे टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "वाटतं ना. पण ही जमीन मिळाली कशी ते पीटला ठाऊक होतं. एकेक पाटी माती टाकून, माणसांनी माणसांसाठी केलेली. जिवंत माणसाला गरज असताना तो जागा अडवून बसला असता तर मीच त्याला ओरडले असते." मग जरा वेळानं, "मुदत आम्ही कबरीला देतो, उमा. त्याला नाही देत."

मग बाईंनी कप काढले, दोन्हींत कॉफी ओतली आणि बिस्किटाचा डबा उघडला. मी एक घेतलं. बाईंनी झाकण लावलं नाही. अप्पा, मला दुसरं बिस्किट मिळालं.

रोप आता आमच्या खिडकीत आहे. नोव्हेंबरात मी या लोकांबद्दल तुम्हाला भलतंसलतं लिहिलं. ती माणसं तशी नाहीत. मला अजून पुरतं समजलेलं नाही, पण काल तिथे उभी असताना मी मनातल्या मनात हात जोडले.

तब्येतीचं खरं खरं लिहा.

तुमची
उमा


बेलवाडी
१५ मार्च १९८३

चिरंजीव उमास आशीर्वाद.

माझी तब्येत बैलासारखी आहे. तुला धमकी द्यायला लावली याची शरम वाटली, म्हणून आता सगळं लिहितो. हे पत्र मी पारावर वाचून दाखवलेलं नाही, आणि तुझं मागचंही नाही.

यंत्रवाले साहेब नोव्हेंबरअखेर आले. चांगला तरुण माणूस. गावाभोवतीचं सगळं शिवार फिरला. प्रत्येक ठिकाणी खाली काळा पाषाण. शेवटी आपल्या मळ्यात आला आणि त्याचं तोंड उजळलं. म्हणाला, दोन खडकांच्या मध्ये एक चीर आहे, गावविहिरीला यासारखी जागा नाही. अलीकडे दहा हात सरकलं तर पाषाण, पलीकडे दहा हात तेच. चीर जाते ती तुझ्या आईच्या ओट्याखालून. त्याला कुणीतरी सांगितलं की ही समाधी आहे, तेव्हा त्यानं बूट काढले.

मी म्हणालो, उद्या पारावर बसून ठरवू. दुसऱ्या दिवशी सगळं गाव जमलं आणि तेवढ्यात निवृत्ती तुझं पत्र घेऊन आला. लोक म्हणाले, आधी उमाचं वाचा. मी आधी डोळ्यांखालून घातलं नाही, सरळ मोठ्यानं वाचायला लागलो. सायकलवरची खुर्ची आली, लोक हसले. पाण्याची पंचायत आली, हणमंतरावांनी मान डोलावली. आणि मग ते आलं. माझी आई कायमची आहे, तिला कुणी उठवणार नाही. वाचून झालं. हणमंतराव उठले. "येतो अप्पा," एवढंच म्हणाले. एकेक करून सगळे गेले. त्या दिवसापासून विहिरीचा विषय कुणी माझ्यापुढे काढला नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

आडाला हंडा बुडतो असं मी लिहिलं होतं. संक्रांतीनंतर तो बुडायचा थांबला. वानेरीला उदगीरच्या छावणीत दिलं. कालवड राहिली नाही. गूळ चारला होता, तू म्हणालीस म्हणून.

बाया आता नदीच्या पात्रात झरा खणून वाटीवाटीनं पाणी भरतात. परवा मी तिकडे गेलो. तुळजाबाई खड्ड्यात उतरून बसली होती. तिचं वय तुला माहीत आहे. मी म्हणालो, "तुळजाबाई, तू तरी बोल मला." ती हातातली वाटी न थांबवता म्हणाली, "काय बोलू अप्पा? पोरीला दोन आया. एकीनं दूध पाजलं, एक मातीत हाय. मातीतली तिला जादा लागती, मला मालूम हाय. पानी काय, भरतंय की वाटीनं."

मठाच्या स्वामींना विचारलं. ते म्हणाले, तुझी आई, मल्लम्मा, गेली त्याच दिवशी लिंगात मिळून गेली, आता तिथे आहे ती माती. शास्त्राची अडचण नाही. अडचण माझी आहे. मी तुला आई देऊ शकलो नाही, एक ओटा दिला. तोही काढून घ्यायचा तर तुला विचारल्याशिवाय मी कुदळ लावणार नाही, आणि तू नको म्हणालीस तर तोच शेवट. गावाला मी तसं सांगितलेलं नाही, हे तुझ्या-माझ्यात.

तुझा
अप्पा


डेल्फ्ट
३० मार्च १९८३

तीर्थरूप अप्पांना उमाचे शरणार्थ.

पत्र वाचून मी सायकल घेऊन निघाले आणि बांधावर जाऊन बसले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाली गाई चरत होत्या. तुळजामाय वाटीनं पाणी भरते आहे आणि मी इथे तिच्या चटणीची गंमत लिहीत होते. माझ्या एका वाक्यानं गावाचं तोंड बंद झालं. अप्पा, मी ते फक्त तुम्हाला लिहिलं होतं. पण तुमची पत्रं पाराची असतात हे मला लहानपणापासून माहीत आहे, तुम्हाला बोल कसा लावू?

खूप रडले. ते आईसाठी होतं, ते लपवत नाही. मला त्या ओट्यावरचा तो थंड दगड हवा आहे. आजही हवा आहे.

आणि एक गोष्ट कळून मी स्वतःवरच थक्क झाले. दुष्काळात रान पिवळं पडतं आणि एकच झाड हिरवं राहतं, तेव्हा त्याच्या मुळाशी पाणी असतं. हे मी तिकडे कॉलेजात पोरांना शिकवते. परीक्षेत विचारते. आणि जन्मभर ज्या झाडाखाली बसले, त्याच्याकडे बघून हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. तुम्ही म्हणालात आईचं पुण्य, मीही तेच म्हटलं. आताही तेच म्हणते.

विहीर खणा. माझी वाट बघू नका, मी यायला जुलै उजाडेल.

तीन गोष्टी मात्र ऐका. बेल वाचवा, ओटा त्याच्या पूर्वेला आहे, विहीर तिकडेच वाढवा. आईला परक्या हातांनी उचलू नका, तुम्ही स्वतः उचला. आणि सोबत तुळजामायला घ्या. तिला सांगा की मातीतली जादा लागते हे तिचं चुकलं. दोन्ही सारख्या लागतात, म्हणून एकीला दुसरीच्या हाती देते आहे.

हे पत्र पारावर वाचा. मोठ्यानं वाचा.

तुमची
उमा


बेलवाडी
२० मे १९८३

चिरंजीव उमास आशीर्वाद.

पत्र पारावर वाचलं. मला शेवटपर्यंत वाचता आलं नाही, बसवंतानं पुरं केलं. तुळजाबाई पदर तोंडाला लावून घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावरून अंघोळ करून, नवं लुगडं नेसून मळ्यात सगळ्यांच्या आधी हजर. अंघोळीला तिनं पाणी कुठून आणलं, मी विचारलं नाही.

स्वामींनी विभूती लावली. ओट्याचे दगड मी आणि बसवंतानं काढले. खाली माती अशी कडक की पहार ठणकन् उडायची. पोरं आळीपाळीनं खणत होती. गाव लांब उभं होतं, कुणी चप्पल घातली नव्हती. कंबरेइतकं खोल गेल्यावर मी सगळ्यांना वर काढलं आणि आम्ही दोघंच उतरलो, मी आणि तुळजाबाई. तुझ्या आईला बसवलं होतं तो कोनाडा माझ्या हातचा आहे, मला पाठ होता. मी मातीत हात घातला आणि माती हाताला गार लागली. उमा, सगळं शिवार भाजून निघालं आहे, नदीत वाटीभर पाणी नाही, आणि तुझ्या आईच्या कोनाड्यातली माती मुठीत धरली तर तिचा गोळा झाला. तुळजाबाईनं तो गोळा कपाळाला लावला. "अप्पा, हिला ठावं व्हतं," म्हणाली.

हाडं थोडीच होती. ती आम्ही पांढऱ्या कापडात घेतली. आणि डाव्या तळहाताच्या जागी लिंग. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी ठेवलं तसंच. ओलं. काळं कुळकुळीत, जणू आत्ताच पूजा झाली आहे. मी ते हातात घेतलं आणि तिथेच बसलो.

लहानपणी तू विचारायचीस, आई कशी होती. मी सांगायचो, चांगली होती. याहून जास्त मला सांगता यायचं नाही, त्याचा तुला राग यायचा. त्या दिवशी लिंग हातात घेतलं आणि एकदम आठवलं. पूजा झाली तरी ती उठायची नाही. काही मनात असलं की लिंग मुठीत धरून अंगठ्यानं घासत बसायची, आणि माझी आई तिला रागवायची. लिंगावरचा काळा लेप त्या एका जागी झिजून आतला दगड दिसतो. डावीकडे, जरासा वरच्या अंगाला. तुझ्या आईचा अंगठा तिथे आहे, उमा. फोटो नसेना का.

बेलाच्या पश्चिमेला नवी जागा केली. हाडं तिथे नव्या कोनाड्यात ठेवली, पण माती लोटली नाही, वर फरशी टाकून ठेवली आहे. लिंग मी देवघरात ठेवलं आहे. एकाचं लिंग दुसरा गळ्यात बांधत नाही, पण पेटीत जपून ठेवायला काय हरकत? तुझ्याकडे आईचं काहीच नाही. स्वामी म्हणाले, अप्पा, हे लेकीवर सोडा. तू ये आणि तूच ठरव.

विहिरीचं काम सगळ्या गावानं केलं. मागच्या सोमवारी चीर लागली. आधी भिंत घामेजली, मग पाझर आला आणि संध्याकाळी पोरं ओरडत वर पळाली, खाली गुडघाभर पाणी. ग्यानोबा काठावर उभा राहून सारखा एकच म्हणत होता, "आता हे फेकून देऊ का? उमा म्हन्ती तसं फेकून देऊ का?" आणि रडत होता. पहिला हंडा तुळजाबाईचा भरला. वानेरीला छावणीतून घरी आणलं. ती विहिरीशी आली, वाकून खाली बघितलं आणि हंबरली.

तुझा
अप्पा


डेल्फ्ट
६ जून १९८३

तीर्थरूप अप्पांना उमाचे शरणार्थ.

तुमचं पत्र सकाळी आलं तेव्हा मी पूजेला बसले होते. योहानाबाईंनी ते दाराखालून आत सरकवलं. पूजा आटोपून तिथेच बसून वाचलं. योहानाबाईंना तुमचं पत्र इंग्रजीतून सांगितलं तेव्हा त्यांनी उठून पीटच्या रोपाला पाणी घातलं.

अप्पा, माझी वाट बघू नका. हे पत्र मिळेल त्याच दिवशी तुळजामायला बोलवा, फरशी काढा आणि आईचं लिंग आईच्या हातात द्या. तिचा हात इतके दिवस रिकामा ठेवायला नको होता. माती लोटा, वर तोच जुना दगडी ओटा बांधा. मी आल्यावर त्यावर बसून विहिरीचं पाणी पिईन.

तुम्हाला वाटेल पोरगी मन मारून लिहिते आहे. तसं नाही. तुमचं पत्र वाचता वाचता माझा अंगठा चाललाच होता. वाचून झालं तेव्हा मी मूठ उघडली आणि माझं लिंग खिडकीशी उजेडात नेऊन बघितलं. इतक्या वर्षांत कधी असं निरखून बघितलं नव्हतं. लेप एका जागी झिजला आहे, आतला दगड दिसतो.

डावीकडे, जरासा वरच्या अंगाला.

तुमची
उमा